तांबडी, काळी आणि आईचा मोगरा

खानापूर तालुक्यातलं माहेरचं घर २०१८ च्या जूनमध्ये विकलं. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. परसातला तिचा मोगरा उचलून आणता येण्यासारखा नव्हता. म्हणून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काही फांद्या तोडून आणल्या आणि पावसाळ्यात दुधाच्या पिशव्यांत खोचल्या. त्यातल्या तीन जगल्या. बेळगावातल्या आमच्या गच्चीवर ऊन भरपूर, पाण्याची सोय चांगली. मातीचा विचार मी केलाच नव्हता. माती ती माती, असं वाटायचं.

पहिलं रोप लावलं ते माहेरच्या तांबड्या मातीत. घर सोडताना दोन पोती मुद्दाम भरून आणली होती. आईचं झाड आईच्याच मातीत वाढावं, एवढाच हट्ट. खत नाही, दुसरं काही नाही, नुसती माती. हिवाळाभर रोप बरं होतं. उन्हाळा लागला तशी कुंडीतली माती वरून विटेसारखी झाली. पाणी घातलं की कडेनं खाली निघून जाई, मुळाशी ओल राहत नसे. २०१९ च्या एप्रिलमध्ये ते वाळलं.

माझे सासरे-सासूबाई मूळचे बैलहोंगलकडचे. तिकडे सगळं काळं रान. रोप गेल्याचं कळताच सासूबाईंच्या भावांनी शेतातली काळी माती धाडून दिली. ऊस, जोंधळा, हरभरा पिकवणारी माती, मोगऱ्याला काय कमी पडणार? दुसरं रोप त्यात लावलं. महिन्याभरात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मग ऑगस्टमधला तो पाऊस आला. २०१९ चा पूर बेळगावात कुणी विसरलेलं नाही. आठवडाभर कुंडीत चिखल. रोप उपटलं तर मुळं काळी पडलेली, वासही आला.

त्या दिवशी मी रडले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही मातींचे गोळे भिजवून माझ्यापुढे ठेवले. मण्णेत्तिन अमावास्येला त्या दरवर्षी मातीचे बैल करतात, आपल्याकडे बेंदराला करतात तसेच. काळ्या मातीची त्यांनी तळहातावर वळी केली. ती करंगळीसारखी लांब झाली, तुटली नाही. तांबडीची वळी बोटभर होण्याआधीच मोडली. “एरी नीर हिडीतैति, मसारी बिडतैति,” त्या म्हणाल्या. काळी पाणी धरून ठेवते, तांबडी सोडून देते. दोन रोपं घालवून मला जे कळलं नव्हतं, ते त्यांनी दोन गोळ्यांत दाखवलं.

मग मी थोडं वाचलं, थोडं करून पाहिलं. आपल्या जिल्ह्याची गंमत अशी, की पश्चिमेला घाटाकडे धो धो पाऊस. त्यानं मातीतला चुना, क्षार धुऊन नेले, लोखंड मागे राहिलं आणि गंजून तांबडं झालं. ही माती आंबट. पूर्वेकडे पाऊस कमी, खाली काळा पाषाण, म्हणून चिकण काळी माती, चुनखडीचे खडे असलेली. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. चुना जास्त असला की मातीत लोह असूनही मोगऱ्याला ते घेता येत नाही. पानं पिवळी पडली ती त्यामुळे.

शेतात या दोन्ही माती उत्तम पिकतात, कारण तिथं खाली खोल थर असतो, गांडुळं असतात. बारा इंची कुंडीत यातलं काही नसतं. म्हणून कुंडीची माती आपणच तयार करावी लागते.

तुमच्याकडची माती कशी आहे ते घरीच पाहता येतं. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घ्या, पाणी भरा, चिमूटभर कपड्याचा साबणचुरा टाकून खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू लगेच तळाशी बसते, त्यावर पोयटा काही तासांत, चिकणमाती सगळ्यात शेवटी. माझ्या काळ्या मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होतं. चुना पाहायचा तर कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे.

तिसऱ्या रोपासाठी मी केलेलं मिश्रण असं: तीन घमेली तांबडी माती, एक घमेलं काळी, दोन घमेली पुरतं कुजलेलं शेणखत, एक घमेलं भिजवून धुतलेला काथ्याचा भुसा, अर्धं घमेलं जाड वाळू आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. काळी माती ओली कालवू नये, गोळे होतात. वाळवून, कुटून मगच मिसळावी. नुसत्या काळ्या मातीत थोडी वाळू घालून भागत नाही, ती आणखी घट्ट बसते. मोकळेपणा येतो तो खतानं आणि भुश्यानं. ताजं शेण तर घालूच नये, मुळं भाजतात. सगळं पोत्यावर कालवून, पाणी शिंपडून, पंधरा दिवस झाकून ठेवलं.

कुंडीच्या भोकावर खापरी ठेवली आणि वर दोन बोटं जागा सोडून माती भरली. रोप लावण्याआधी तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. ते वर साचून राहिलं नाही, की धो धो खालीही गेलं नाही. हळूहळू जिरलं आणि थोड्या वेळानं भोकातून ठिबकायला लागलं. मग पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरमध्ये, तिसरं रोप हलवलं. तेव्हा हात कापत होते, कारण चौथं नव्हतं.

२०२० च्या मार्चअखेर त्याला पहिल्या कळ्या आल्या. टाळेबंदी सुरू झालेली, बाजारात फुलाची पाकळी मिळत नव्हती. सासूबाईंनी अकरा कळ्यांची माळ ओवली. केसात माळण्याएवढी ती नव्हतीच. त्यांनी ती न विचारता आईच्या फोटोला घातली.

आता दरवर्षी बहर संपला की मी छाटणी करते. वरची तीन बोटं माती काढून नवं शेणखत घालते, दोन वर्षांनी सगळीच माती बदलते. छाटलेल्या फांद्या मैत्रिणी मागून नेतात. देते मी, पण आधी विचारते, “माती कुठली घालणार?”