कादंबरीकाराचे वाचन

गेल्या वर्षी निबंधाच्या वह्या परत देताना एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, आम्ही पुस्तकातले उतरले तर गुण कापता, मग महाभारतातील कथा घेऊन कादंबरी लिहिणाऱ्यास पारितोषिक कसे मिळते?" त्या वेळी तासाची घंटा झाली व आमची सुटका झाली. परंतु प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर आम्ही येथे देत आहोत.

वि. स. खांडेकर यांची 'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली. पुढे तिला १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक लाभले. कथा आदिपर्वातील. शापाने जरा प्राप्त झालेला राजा धाकटा पुत्र पुरू याचे तारुण्य मागून घेतो, ही गोष्ट आपण सर्व जाणतो. मग खांडेकरांचे त्यात काय?

महाभारतात कच संजीवनी विद्या मिळवून देवलोकी जातो, तो देवयानीच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. खांडेकरांनी त्याला परत आणले. ययातीचा वडील बंधू यति याचा मूळ ग्रंथात ओझरता उल्लेख आहे. कादंबरीत तो देहाचा द्वेष करणारा विरक्त होऊन भेटतो. एकीकडे भोगात बुडालेला ययाति, दुसरीकडे देहास शत्रू मानणारा यति आणि दोहोंमध्ये संयमी कच! शिवाय ययाति, देवयानी व शर्मिष्ठा येथे आपापली बाजू स्वमुखाने सांगतात. जेथे ग्रंथ मौन धरतो, तेथेच हा वाचक थबकला व त्याने प्रश्न विचारला.

असे प्रश्न केवळ ग्रंथांतून सुचत नाहीत. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्यास शिक्षक होते. आमची घरची भाषा कोंकणी. त्या गावची बोली आमच्या कानास परकी नाही. ग्रंथ आणि भोवतालची माणसे यांची सांगड घालता आली, म्हणजेच वाचलेले आपले होते.

तेव्हा, बाळा, तुझे गुण कापले ते पुस्तक वाचल्याबद्दल नव्हेत. वाचून काहीच न विचारल्याबद्दल होत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून येथील ग्रंथालयांची घडी बसविली. रावपुऱ्याहून मांडवीची सेंट्रल लायब्ररी काही लांब नाही. तेथे जा, एखादी जुनी कथा वाच आणि तिने काय सांगितले नाही, ते वहीत टिपून आण. त्या वहीचे गुण आम्ही कापणार नाही.