जांभळं हवंय? ताम्हण लावा!

इन्स्टावर युरोपातल्या लायलॅकचे झुबके बघून ‘आपल्या सोसायटीतही हेच हवं’ असं वाटत असेल, तर जरा थांबा. लायलॅकला फुलायला कडाक्याची थंडी लागते. पुण्याचा डिसेंबर त्याच्यासाठी अगदीच किरकोळ!

मग पर्याय? नीलमोहर दिसतो झक्कास, पण तो दक्षिण अमेरिकेतला पाहुणा. ताम्हण मात्र आपल्या सह्याद्री-कोकणातल्या ओढ्याकाठचं, शिवाय महाराष्ट्राचं राज्यफूल. एप्रिल-मेमध्ये फांद्यांच्या टोकांना जांभळे तुरे येतात. जवळून पाहा, ६ पाकळ्या असतात, क्रेप कागदासारख्या चुरगळलेल्या. म्हणजे १ मेच्या स्टेटसला फोटो आयताच! हिवाळ्यात पानं गळतात, पण गळण्याआधी ती तांबूस होतात, तेही भारी दिसतं.

रोप लावायचं ते जून-जुलैत, पावसाबरोबर. ऊन भरपूर हवं आणि जागाही, कारण हा वृक्ष आहे, कुंडीतलं झुडूप नाही. भिंतीपासून निदान १५ फूट सोडा, वर विजेच्या तारा नाहीत ना बघा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी चुकवू नका.

खरी मारामारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये होणार. एका गाडीचं पार्किंग की एक ताम्हण? ‘नको वाटलं तर नंतर तोडू’ असं एखादे काका म्हणालेच, तर त्यांना १९७५चा वृक्ष कायदा सांगा. शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. त्यामुळे जागा आधीच ठरवा. फुलं यायला काही वर्षं लागतात, रील तोवर थांबेल.