अडलेलें काडतूस

१९१५ सालच्या एप्रिल महिन्यांत बेल्जममधील ईप्र शहरापाशीं जर्मनांनीं क्लोरीन वायु सोडला, तेव्हां त्या आघाडीवर कॅनडाचें सैन्य होतें. सैनिकांच्या हातीं रॉस नांवाची रायफल होती. नेमबाजीच्या मैदानावर तिचा लौकिक मोठा. परंतु भराभर गोळ्या झाडण्याची वेळ येतांच तिचा बोल्ट अडून बसूं लागला. शत्रु समोरून चाल करून येत असतां सैनिक बुटाच्या टांचेनें बोल्ट उघडण्याची धडपड करीत होते. रायफलीचें घर, म्हणजे नळीच्या मुळाशीं काडतूस बसण्याची जी जागा तें, अगदीं नेमक्या मापाचें होतें. आणि इंग्लंडांतून आलेलीं पुष्कळशीं काडतुसें त्या मापाहून किंचित् मोठीं होतीं. त्या अनर्थाचें हें एक मुख्य कारण होय. १९१६ पर्यंत ती रायफल मागें घेऊन कॅनडाच्या सैन्याला ली-एन्फील्ड रायफली देण्यांत आल्या.

हा ‘किंचित्’ म्हणजे तरी किती? तर केसाच्या जाडीएवढा, कित्येकदां त्याहूनही कमी. रणांगणावर जें एका सैन्याच्या वांट्यास आलें, तेंच लहान प्रमाणांत अमेरिकेंतील हजारों नेमबाज व शिकारी यांच्या वांट्यास येतें. हे लोक आपलीं काडतुसें घरच्या टेबलावर स्वतः भरतात. भारतांत १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें काडतुसें तयार करण्यास परवाना लागतो. त्यामुळें हा छंद इकडे फारसा परिचयाचा नाहीं. परंतु त्यांत उद्भवणाऱ्या अडचणी आणि त्यांचा शोध घेण्याची रीत हीं कोणाही चौकस गृहस्थास उद्बोधक वाटावींत अशींच आहेत.

रायफलीच्या काडतुसांत चार वस्तु असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं ठोका बसतांच पेटणारी टोपी, आंत दारू आणि तोंडांत घट्ट बसविलेली गोळी. यांपैकीं टोपी, दारू व गोळी एकदांच कामीं येतात. पुंगळी मात्र पुनःपुन्हां वापरतां येते. पुंगळीचा आकार बाटलीसारखा असतो. तिला बूड, अंग, उतरता खांदा आणि गोळी धरणारी अरुंद मान असते. हीं पुंगळी सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त यांच्या पितळेची करतात.

दारू पेटली म्हणजे आंत प्रचंड दाब उत्पन्न होतो. १९०६ सालीं अमेरिकन सैन्यानें स्वीकारलेल्या ‘तीस-शून्य-सहा’ या प्रसिद्ध काडतुसांत तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारें चार हजार पटींपर्यंत जातो. त्या दाबानें पितळ फुगून घराच्या भिंतींना चिकटतें आणि वायूला मागें येऊं देत नाहीं. दाब ओसरतांच तें थोडें आकसतें, म्हणून पुंगळी बाहेर काढतां येते. परंतु तें मूळच्या मापावर कधींच परत येत नाहीं. सर्व अडचणींचें मूळ येथेंच आहे. म्हणून पुंगळी पोलादी साच्यांत दाबून तिला पुन्हां आकार द्यावा लागतो. साचा योग्य रीतीनें बसविला नसेल, तर काडतूस घरांत जात नाहीं.

अशा वेळीं चार ठिकाणीं संशय घ्यावा. पहिलें ठिकाण खांदा. साच्यानें तो पुरेसा मागें ढकलला नसेल, तर बोल्ट शेवटच्या टप्प्यावर अडतो. दुसरें ठिकाण मान. प्रत्येक बारानंतर पितळ पुढें सरकून मान लांबत जाते. तीस-शून्य-सहाच्या पुंगळीची एकूण लांबी ६३.३५ मिलिमीटरांपेक्षां अधिक असतां कामा नये. ती वाढली तर मानेचें टोंक घराच्या पुढल्या कडेंत चेपलें जातें, गोळीची पकड सुटत नाहीं आणि दाब धोक्याच्या मर्यादेपलीकडे चढतो. म्हणून लांबी मोजून टोंक कापून टाकणें आवश्यक असतें. तिसरें ठिकाण गोळी. ती फार बाहेर राहिली, तर नळीच्या आंतील चक्राकार आट्यांस टेकते. चौथें ठिकाण अंग. ज्या पुंगळ्या दुसऱ्या एखाद्या सैल घराच्या रायफलींत वापरलेल्या असतात, त्यांचा बुडाजवळचा भाग फुगलेला राहतो. किंवा गोळी बसवितांना तोंड प्रमाणाबाहेर आवळलें, तर खांद्याखालीं पितळ दबून बाहेर येतें.

या चौघांतील अपराधी कोण, हें ओळखण्याची युक्ति अगदीं साधी आहे. दारू व टोपी न घातलेलें एक नमुन्याचें काडतूस तयार करावयाचें, मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून त्यावर काजळी चढवावयाची, आणि तें हलकेंच घरांत सारून बाहेर काढावयाचें. ज्या ठिकाणची काजळी पुसली गेली, तेथेंच अडथळा आहे. भरलेलें काडतूस या कामीं कदापि वापरीत नाहींत.

खांदा अडतो असें दिसलें, म्हणजे नवशिका मनुष्य साचा एकदम खालीं आणून खांदा भरपूर मागें ढकलतो. काडतूस मग सहज बसतें. परंतु एक अडचण जाऊन दुसरी अधिक भयंकर अडचण उभी राहते. घरांत जागा मोकळी राहिल्यामुळें प्रत्येक बाराला पुंगळी ताणली जाते आणि बुडाच्या थोडें वर तिची भिंत पातळ होत जाते. बाहेरून तेथें एक चकचकीत वलय दिसूं लागतें. वांकड्या टोंकाची तार आंतून फिरविली तर खांच लागते. अशी पुंगळी पुढें केव्हां तरी दोन तुकडे होऊन फुटते आणि तप्त वायु नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. म्हणून हातानें बोल्ट चालविण्याच्या रायफलीसाठीं खांदा मिलिमीटरच्या सुमारें तीन ते पांच शतांशच मागें घेतात. आपोआप भरणाऱ्या रायफलीसाठीं सुमारें आठ ते तेरा शतांश. या मापाला डोळा उपयोगी पडत नाहीं, मापकयंत्रच हवें.

आपोआप भरणाऱ्या रायफलींत आणखी एक प्रश्न येतो. तेथें पुंगळी बाहेर फेकणें आणि नवें काडतूस आंत घेणें हें काम दारूचाच वायु करतो. अमेरिकन सैन्यानें १९३६ सालीं स्वीकारलेल्या गॅरँड रायफलींत नळीच्या टोंकाजवळ एक लहान छिद्र असून तेथून आलेला वायु एका लांब दांड्याला मागें लोटतो. वायूचा जोर कमी पडला, तर बोल्ट अर्ध्यावरूनच परततो आणि पुढलें काडतूस उचलीत नाहीं. दारू फार सावकाश जळणारी असेल, तर गोळी छिद्रापाशीं पोहोंचेपर्यंत दाब चढाच राहतो आणि तो दांडा वांकतो. पुंगळी कशी पडते हें पाहूनही निदान होतें : अगदीं जवळ मंदपणें पडली तर जोर कमी, फार लांब उडाली व तिची कड ओरबाडली गेली तर जोर अधिक.

दारूच्या फरकानें केवढा अनर्थ होतो, हें व्हिएतनामच्या युद्धांत दिसून आलें. एम-सोळा रायफलीच्या काडतुसांतील दारूचा प्रकार १९६४ च्या सुमारास बदलण्यांत आला. त्यामुळें यंत्राची गति वाढली, आंत काजळीही सांचूं लागली. घराला क्रोमियमचा मुलामा नव्हता, सफाईचीं साधनेंही अपुरीं होतीं. पुंगळ्या घरांत अडकून सैनिक प्राणांस मुकले. १९६७ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या एका उपसमितीनें याची चौकशी केली. पुढें घराला क्रोमियमचा मुलामा देण्यांत येऊं लागला.

पितळेच्या स्वभावाचा एक धडा तर हिंदुस्थानांतच शिकावयास मिळाला. ब्रिटिश अमदानींत पावसाळ्यामध्यें घोड्यांच्या पागांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत असत. १९२१ सालीं मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनीं कारण उलगडून दाखविलें : घोड्यांच्या मुत्रांतून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवितांना पितळेंत राहिलेला ताण, या तिहींचा तो संयुक्त परिणाम होता. बेताची उष्णता देऊन ताण घालविला कीं तडा जात नाहीं. आजचा काडतुसें भरणारा म्हणूनच अमोनियायुक्त द्रवानें पुंगळ्या धूत नाहीं. वारंवार वापरानें कठीण झालेली मानही तो तापवून मऊ करतो. मात्र बुडाला ती आंच लागूं देत नाहीं, कारण सर्व दाब पेलणारें बूड कठीणच राहिलें पाहिजे.

राहतां राहिली टोपी. ती बुडाच्या पातळीहून तिळभरही वर राहतां कामा नये. गॅरँड रायफलींत बोल्ट पुढें येतांना ठोका देणारी सुई टोपीला हलकासा स्पर्श करतेच. टोपी वर आलेली असेल, तर चाप न ओढतांच, आणि बोल्ट पुरता बंद होण्यापूर्वींच, बार उडण्याचा संभव असतो.

यासाठीं जाणते लोक अडलेल्या काडतुसावर कधींही जोर करीत नाहींत. नळीचें तोंड निर्धोक दिशेस ठेवून तें बाहेर काढतात, गोळी व दारू वेगळी करतात आणि पुंगळी मोजतात. मग एका वेळीं एकच गोष्ट बदलतात, ती वहींत टिपून ठेवतात आणि पुन्हां पाहतात. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या उपायानें गुण आला हें कळत नाहीं. ईप्रच्या खंदकांतील सैनिकाला मोजण्यास सवड नव्हती. त्याला टांच मारण्यावांचून गत्यंतर नव्हतें. घरच्या टेबलाशीं बसलेल्या मनुष्याला मात्र सवड असते, आणि ती त्यानें कारणींच लाविली पाहिजे.