मुद्रणजुळणीच्या भाषेत पुनर्वापरयोग्य आकृत्यांची रचना : शंक्वाकृती चंबूचे एक उदाहरण

प्रस्तावना :

विज्ञान, गणित व अभियांत्रिकी या विषयांच्या अध्यापकांना प्रश्नपत्रिका, टिपणे, प्रयोगपुस्तिका आणि शोधनिबंध यांसाठी एकाच प्रकारच्या आकृत्या वारंवार काढाव्या लागतात. माउसच्या साहाय्याने काढून चित्र म्हणून साठवलेली आकृती पुढच्या वेळी ताणली जाते, खोडली जाते, तिच्यावर नवी अक्षरे चिकटवली जातात. परिणामी रेषा कमीअधिक जाड होतात आणि एकच उपकरण तीन प्रश्नपत्रिकांत तीन निराळ्या रूपांत विद्यार्थ्यांसमोर येते. मुद्रणजुळणीच्या भाषेत मात्र आकृती आज्ञांच्या रूपात लिहिली जाते व तीच आज्ञा नव्या मापांसह कितीही वेळा वापरता येते. तथापि, केवळ आज्ञा लिहिल्याने आकृती पुनर्वापरयोग्य होत नाही. तिच्यात काय बदलावे, काय स्थिर राहावे आणि कोणते माप दुसऱ्या मापावरून निघावे, हे आधी ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात या निर्णयाचे विवेचन लाटेक व टिक्झ यांच्या आधारे केले आहे.

पार्श्वभूमी :

ही कल्पना नवी नाही. बेल प्रयोगशाळेतील ब्रायन कर्निगन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी 'पिक' ही छोटी भाषा तयार केली. तीत आकृतीच्या तुकड्याला नाव देता येई, त्या तुकड्याला बाहेरून किमती पुरवता येत आणि त्याच्या आतील बिंदूंचा बाहेरून उल्लेखही करता येई. डोनाल्ड नुथ यांच्या टेक या प्रणालीत व तिच्यावर आधारलेल्या लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेकमध्ये चित्ररेखनाची मूळ सोय तुटपुंजी होती. ही उणीव पुढे टिल टांटाऊ यांच्या पीजीएफ व टिक्झ यांनी मोठ्या प्रमाणावर भरून काढली. टांटाऊ यांनी हे काम स्वतःच्या पीएच.डी. प्रबंधातील आकृत्यांसाठी सुरू केले होते. टिक्झ हे नाव एका जर्मन वाक्यावरून आले असून 'टिक्झ हा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम नव्हे' असा त्याचा अर्थ आहे. वापरणाऱ्याला आधीच सावध करणारे असे नाव संगणकक्षेत्रात क्वचितच आढळते. २०१३ च्या अखेरीस आलेल्या ३.० या आवृत्तीत 'पिक' याच नावाची सोय दाखल झाली. तिच्यामुळे आकृतीचा एखादा भाग एकदा व्याख्या करून हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या बदलांसह बसवता येतो.

प्राचलांची निवड :

अनुमापनाच्या प्रयोगातील शंक्वाकृती चंबू हे उदाहरण घेऊ. तळाची अर्धी रुंदी २ एकक, मानेची अर्धी रुंदी ०.५ एकक व शंकूच्या भागाची उंची ४ एकक मानली आहे. आत भरलेल्या द्रवाची पातळी बदलती हवी. नवशिक्या व्यक्तीला पातळीची उंची व द्रवपृष्ठाची रुंदी अशी दोन प्राचले ठेवण्याचा मोह होतो. परंतु रुंदी ही उंचीवरूनच ठरते. पातळी २ एकक असेल तर अर्धी रुंदी १.२५ एकक येते. ती वेगळी मागितली की कधी ना कधी द्रव काचेच्या बाहेर डोकावलाच म्हणून समजावे. जे माप काढता येते ते मागू नये, हा या कामातील पहिला नियम होय.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. 'अर्धा भरलेला चंबू' म्हणजे नेमके काय? वरील मापांनुसार निम्म्या उंचीपर्यंत द्रव भरल्यास शंकूच्या भागातील सुमारे ७७ टक्के आकारमान व्यापले जाते. उलट निम्मे आकारमान हवे असेल तर पातळी उंचीच्या केवळ २७ टक्क्यांवर येते. टिक्झच्या गणिती यंत्रणेला यासाठी लागणारे घनमूळ काढता येते. त्यामुळे प्राचल उंचीचे ठेवावे की आकारमानाचे, हा प्रश्न तंत्राचा न राहता विषयाचा होतो. भूमितीच्या उदाहरणासाठी उंची योग्य. द्रवाचे प्रमाण दाखवावयाचे असल्यास आकारमान. प्राचलाच्या नावातूनच हा भेद स्पष्ट व्हावा. नुसते 'भरणा' असे नाव दिल्यास वर्षभराने खुद्द व्याख्या करणाऱ्यालाही त्याचा अर्थ आठवणार नाही.

गणितासंबंधी एक सावधगिरी आवश्यक आहे. ही यंत्रणा नेहमीच्या रूपात टेकच्याच अंकगणितावर चालते व तीत १६,३८४ च्या पुढील संख्या मावत नाही. १५० पॉइंट, म्हणजे जेमतेम सव्वापाच सेंटिमीटर, या लांबीचा वर्ग केला तरी २२,५०० ही संख्या मर्यादा ओलांडते आणि माप फार मोठे असल्याचा संदेश येतो. म्हणून गणिते पॉइंटमधील लांब्यांवर न करता एककांच्या लहान संख्यांवर करावीत.

किमती क्रमाने न देता नावाने द्याव्यात, हेही तितकेच महत्त्वाचे. टेकमधील साध्या आज्ञेला जास्तीत जास्त नऊ किमती देता येतात व त्यांचा क्रम पाठ ठेवावा लागतो. नावाने दिलेल्या किमतींना क्रम नसतो. प्रत्येकीची गृहीत किंमत व्याख्येतच ठरलेली असते, म्हणून जे बदलावयाचे तेवढेच लिहावे लागते. एका चंबूसाठी दिलेला बदल शेजारच्या चंबूला लागू होत नाही.

जोडबिंदू व प्रमाण :

एकटा चंबू फारसा उपयोगी नाही. त्यावर ब्युरेट यावी लागते. त्यासाठी तोंड, तळ, द्रवपृष्ठ अशा बिंदूंना व्याख्येतच नावे द्यावीत. आकृती बसवताना चंबूला 'क' हे नाव दिले की आतील बिंदूंच्या नावांना तो उपसर्ग म्हणून लागतो. नाव न देता दोन चंबू काढल्यास दुसऱ्याचे बिंदू पहिल्याची जागा घेतात, आणि त्याबद्दल चुकीचा कोणताही संदेश येत नाही. ब्युरेट निमूटपणे भलत्याच चंबूवर जाऊन बसते.

आकृती दुप्पट केली तरी रेषांची जाडी व नावांची अक्षरे टिक्झ स्वतःहून दुप्पट करत नाही. हे बहुतांशी इष्टच असते, कारण लहानमोठ्या सर्व आकृत्यांतील अक्षरे एकसारखी राहतात. पण कोपऱ्यांची गोलाई हीदेखील मापाबरोबर वाढत नाही, त्यामुळे मोठ्या केलेल्या चंबूचा तळ अधिक टोकदार दिसतो. गोलाई म्हणूनच एककाच्या प्रमाणात ठरवून द्यावी.

मराठी व इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांतून शिकवणाऱ्या विभागांना भागांची नावे प्राचल म्हणून ठेवणे विशेष सोयीचे ठरते. झीटेक किंवा लुआटेक वापरल्यास देवनागरी जोडाक्षरे योग्य टंकासह नीट जुळतात, आणि रेषा न हलवता एकाच चंबूवर 'द्रवपृष्ठ' किंवा त्याचा इंग्रजी पर्याय लिहिता येतो. मात्र मराठी शब्द लांब असल्यास नावाची जागाही बदलता यावी लागते.

व्याख्यांचे जतन :

अशा व्याख्या स्वतंत्र धारिकेत ठेवून संपूर्ण विभागाने वापराव्यात. तथापि, व्याख्येत आज केलेली सुधारणा जुनी प्रश्नपत्रिका पुन्हा जुळवताना तीतही उतरते, आणि गुणदानाच्या वादात सादर केलेली प्रत मूळ प्रतीहून वेगळी ठरू शकते. यावर दोन उपाय आहेत. छापलेल्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेची पीडीएफ प्रत व त्या वेळची व्याख्यांची धारिका सोबत साठवावी. आणि नवे प्राचल जोडताना त्याची गृहीत किंमत अशी ठेवावी की ते न लिहिणाऱ्या जुन्या आकृत्या पूर्वीसारख्याच उमटतील.