दक्षिणेचे विद्युत जाळे : उद्याच्या गरजेची आजची आखणी

भारताच्या विद्युत क्षेत्राच्या इतिहासात ३१ डिसेंबर २०१३ या दिवसाला विशेष महत्त्व आहे. या दिवशी कर्नाटकातील रायचूर आणि महाराष्ट्रातील सोलापूर यांना जोडणारी, सुमारे २०८ किलोमीटर लांबीची ७६५ किलोव्होल्ट क्षमतेची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिण विभागाचे विद्युत जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. पूर्व व ईशान्य विभाग १९९१ मध्ये एकत्र आले होते. पश्चिम विभाग २००३ मध्ये, तर उत्तर विभाग २००६ मध्ये त्यांना येऊन मिळाला. दक्षिणेच्या प्रवेशाने ‘एक देश, एक जाळे’ ही संकल्पना पूर्ण झाली.

या घटनेच्या अवघ्या सतरा महिने आधी देशाने एक मोठे संकट अनुभवले होते. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर विभागाचे जाळे कोसळले. दुसऱ्याच दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य असे तिन्ही विभाग अंधारात गेले. सुमारे ४८,००० मेगावॅटचा भार खंडित झाला आणि साठ कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशातील व्यवहार थांबले. दक्षिण विभाग मात्र सुरक्षित राहिला, कारण तो या जाळ्याशी एकतालाने जोडलेला नव्हता. मग ज्या अलिप्ततेने दक्षिणेचे रक्षण केले, ती अलिप्तता तिने का सोडली? या प्रश्नाच्या उत्तरातच विद्युत जाळ्याच्या नियोजनाचे मर्म दडलेले आहे.

एकतालाचे गणित

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ या वारंवारतेने वाहते. एकाच जाळ्यात असलेली सर्व जनित्रे, ती कोयनेची असोत वा कोरबाची, एकमेकांशी ताल राखून फिरतात. मागणी अचानक वाढली की सर्वांचाच वेग किंचित मंदावतो आणि सर्वजण मिळून तो भार उचलतात. जाळे जितके विस्तृत, तितका धक्का सोसण्याचा भार अधिक खांद्यांवर विभागला जातो. एका राज्यात पाऊस पडून मागणी घटली, तर तेथील वीज दुसऱ्या राज्याला मिळते.

या व्यवस्थेची दुसरी बाजू अशी की, जोडणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या असतील तर एका ठिकाणचा बिघाड सर्वत्र पसरतो. २०१२ मध्ये नेमके हेच घडले. अनेक वाहिन्या बंद होत्या आणि उत्तरेतील राज्ये ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा अधिक वीज उचलत होती. अशा वेळी बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी भार न पेलल्याने तुटली. तिच्या जोडीची वाहिनी क्षमतावाढीच्या कामासाठी बंद होती. म्हणजे दोष एकत्र येण्यात नव्हता, तर एकत्र आणणाऱ्या दुव्यांच्या अशक्तपणात आणि बेशिस्त वापरात होता.

अलिप्ततेची किंमत

२०१३ पूर्वी दक्षिण विभाग अगदीच तुटलेला नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील १,००० मेगावॅटचा दुवा आणि ओडिशातील तालचेरपासून कर्नाटकातील कोलारपर्यंतची, २००३ मध्ये सुरू झालेली एकदिश प्रवाहाची वाहिनी यांच्याद्वारे वीज येत होती. परंतु या मार्गांची क्षमता मर्यादित होती. सिंगरेणीचा कोळसा आणि नेयवेलीचा लिग्नाइट वगळता दक्षिणेत इंधनाचे मोठे साठे नाहीत. उत्तरेकडे स्वस्त वीज उपलब्ध असतानाही मार्गाअभावी ती दक्षिणेत पोहोचत नसे. त्यामुळे वीज बाजारात दक्षिणेचा दर इतर विभागांपेक्षा वारंवार चढा राही. तमिळनाडूत २०१२ च्या सुमारास दीर्घ भारनियमन होते आणि लघुउद्योगांना डिझेल जनित्रांचा आधार घ्यावा लागे. अशा उद्योगाचे खेळते भांडवल कच्च्या मालाऐवजी डिझेलमध्ये अडकते, ही बाब कोणत्याही कर्ज अधिकाऱ्याला ताळेबंदातून सहज दिसू शकते.

तात्पर्य, अलिप्ततेने एका दिवसाचा अंधार टाळला, पण रोजच्या टंचाईची किंमत वसूल केली. म्हणून नियोजनकर्त्यांनी भक्कम जोडणीचा मार्ग स्वीकारला. त्यासाठी जाळ्याच्या आखणीत एक मूलभूत दंडक पाळला जातो. कोणतीही एक वाहिनी किंवा एक रोहित्र अकस्मात बंद पडले, तरी उरलेल्या यंत्रणेने ग्राहकाचा पुरवठा खंडित न होऊ देता तो भार पेलला पाहिजे. बँका ठेवींचा काही भाग राखीव ठेवतात, तशीच ही क्षमतेची शिल्लक होय. ती रोज वापरात दिसत नाही, म्हणून ती निरर्थक ठरत नाही.

आधी वाहिनी की आधी वीज?

सौर प्रकल्प साधारणतः दीड-दोन वर्षांत उभा राहतो. अतिउच्च दाबाच्या मोठ्या वाहिनीला मात्र मार्गनिश्चिती, वनखात्याची परवानगी, जमिनीचा मोबदला आणि बांधकाम यांसाठी तीन ते पाच वर्षे लागू शकतात. म्हणजेच ज्या प्रकल्पाची वीज वाहून न्यायची, त्याचा प्रवर्तकही निश्चित झालेला नसताना वाहिनीचा निर्णय घ्यावा लागतो.

हा निर्णय मागणीच्या अंदाजावर आधारलेला असतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण ठरावीक कालावधीने देशाचे विद्युत सर्वेक्षण करते. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी सुमारे २,५०,००० मेगावॅटवर पोहोचली होती. विसाव्या सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार २०३१-३२ मध्ये ती सुमारे ३,६६,००० मेगावॅट असेल. असा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. वाहिनी लवकर बांधली तर ती काही काळ रिकामी राहते आणि तिचा खर्च आजच्या ग्राहकाच्या देयकात येतो. ती उशिरा बांधली तर तयार वीज वाया जाते, उद्योग खोळंबतात आणि प्रकल्पांची कर्जे अडचणीत येतात. एकूण वीजखर्चात पारेषणाचा वाटा निर्मितीच्या तुलनेत लहान असल्याने, सामान्यतः उशिराची चूक अधिक महाग पडते.

तथापि, घाई हाही उपाय नव्हे. मधला मार्ग टप्प्याटप्प्याच्या बांधणीचा आहे. उपकेंद्रासाठी जमीन भविष्याचा विचार करून घ्यावी, पण रोहित्रे मागणीनुसार बसवावीत. मनोरे दोन वाहिन्यांचे उभारावेत आणि दुसरी वाहिनी पुढे ओढावी. आपल्या देशात ७६५ किलोव्होल्टसाठी बांधलेल्या काही वाहिन्या प्रारंभी ४०० किलोव्होल्टवर चालविल्या गेल्या, हे याचेच उदाहरण. दाब दुप्पट केला की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह निम्मा पुरतो आणि तारेतील उष्णतेची हानी एक चतुर्थांशावर येते. म्हणूनच वाढत्या गरजेसाठी वाहिन्यांची संख्या वाढविण्यापेक्षा दाब वाढविणे जमिनीच्याही बचतीचे ठरते.

ऊन, वारा आणि साठवण

दक्षिण विभागाची आजची ओळख केवळ टंचाईची नाही. तमिळनाडूत मुप्पंदल परिसरात पश्चिम घाटाच्या खिंडीतून येणारा वारा मे ते सप्टेंबर या काळात भरपूर वीज देतो. कर्नाटकातील पावगडा या अवर्षणप्रवण तालुक्यात सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे राहिले. येथे जमीन खरेदी न करता शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेण्यात आली. प्रारंभीचे वार्षिक भाडे एकरी रु. २१,००० असून दर दोन वर्षांनी त्यात ५ टक्के वाढीची तरतूद करण्यात आली.

ऊन-वाऱ्याच्या विजेमुळे वाहिनीचे कामही पालटते. छत्तीसगडमधील रायगडपासून तमिळनाडूतील पुगलूरपर्यंतची ६,००० मेगावॅटची एकदिश प्रवाहाची वाहिनी मुख्यतः दक्षिणेला वीज देण्यासाठी आखली गेली. पण वाऱ्याच्या हंगामात उलट दिशेनेही वीज नेण्याची सोय तिच्यात ठेवली आहे. संध्याकाळी सूर्य मावळल्यावरची गरज भागविण्यासाठी तमिळनाडूतील ४०० मेगावॅटच्या कडंपारईसारखे उदंचन जलविद्युत प्रकल्प उपयुक्त ठरतात. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज मिळवायची, असे त्यांचे स्वरूप आहे.

शाश्वततेचा विचार जमिनीपर्यंतही पोहोचला पाहिजे. पुगलूरहून त्रिशूरला जाणाऱ्या २,००० मेगावॅटच्या वाहिनीचा सुमारे २७ किलोमीटरचा भाग भूमिगत केबलचा आहे, कारण केरळच्या दाट वस्तीत मनोऱ्यांसाठी जागा मिळणे कठीण होते. भूमिगत केबल महाग पडते. तरीही रखडलेल्या वाहिनीपेक्षा ती परवडते. केंद्र सरकारच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मनोऱ्याखालील जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सुचविला आहे. ज्याच्या शेतातून वाहिनी जाते, त्याची संमती हा नियोजनाचाच भाग आहे, याची ही दखल होय.

अर्थपुरवठा आणि आपण

वाहिनीचे उपयुक्त आयुष्य ३५ वर्षे धरले जाते. नियामक आयोगाच्या निकषांत कर्ज व भागभांडवल यांचे प्रमाण साधारणतः ७०:३० मानले जाते. हरित ऊर्जा मार्गिकांच्या राज्यांतर्गत पहिल्या टप्प्यासाठी ४० टक्के केंद्राचे अनुदान, ४० टक्के जर्मनीच्या विकास बँकेचे कर्ज आणि २० टक्के राज्याचा हिस्सा अशी रचना करण्यात आली. तमिळनाडू, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांच्यासह महाराष्ट्रालाही तिचा लाभ झाला. अशा प्रस्तावांची छाननी करताना केवळ आजचा भार पाहणे पुरेसे नाही. पुढील दहा वर्षांत त्या परिसरात कोणते उद्योग, कोणते प्रकल्प आणि किती वस्ती येणार, हेही पाहिले पाहिजे.

आपल्या ग्राहकांचाही यात सहभाग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट असून, ३ किलोवॅट वा अधिक क्षमतेच्या घरगुती संचाला कमाल रु. ७८,००० अनुदान मिळते. उरलेल्या रकमेसाठी बँका कर्ज देतात. छतावरची वीज जेथे तयार होते तेथेच वापरली गेल्यास दूरच्या वाहिनीवरचा भार तेवढा हलका होतो. मात्र दुपारी एकाच वस्तीतील अनेक छतांची वीज उलट वाहू लागली, तर गल्लीतील रोहित्रही त्या तयारीचे असावे लागते. म्हणून संचाचा आकार ठरविताना ग्राहकाने आपला प्रत्यक्ष वापर पाहावा, आणि शाखेतील सहकाऱ्यांनी कर्ज मंजुरीपूर्वी वितरण कंपनीची तांत्रिक व्यवहार्यता पडताळून घ्यावी. सोलापूर-रायचूर वाहिनीच्या आखणीत जो दूरदृष्टीचा हिशेब होता, तोच हिशेब लहान प्रमाणावर प्रत्येक छतालाही लागू पडतो.