मूळकूज, स्ट्रिंग ऑफ पर्ल्सची
मूळकूज : मुळांतील ऊतके मरून कुजण्याचा विकार. टांगत्या कुंडीत वाढविल्या जाणाऱ्या स्ट्रिंग ऑफ पर्ल्स या लोंबत्या मांसल वनस्पतीत तो वारंवार आढळतो. ही वनस्पती मूळची दक्षिण आफ्रिकेतील असून कंपॉझिटी कुलातील आहे. १९६८ मध्ये सेनेसिओ रौलेयानस असे नामकरण झालेल्या या जातीचा समावेश आता कुरिओ प्रजातीत करतात. तिच्या मण्यांसारख्या पानांत पाण्याचा साठा असतो. मुळे मात्र बारीक व उथळ असतात.

माती सतत ओली राहिल्यास तिच्यातील हवेच्या पोकळ्या पाण्याने भरतात, ऑक्सिजनाअभावी मुळे दुर्बल होतात आणि पिथियम, फायटॉप्थोरा इत्यादींचा त्यांत शिरकाव होतो. या सूक्ष्मजीवांची चल बीजुके पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोहोचतात.

मणी सुरकुतणे हे पहिले लक्षण होय. परंतु पाणी कमी पडल्यासही हेच दिसते. त्यामुळे हौशी लोक आणखी पाणी घालतात आणि बहुतेक झाडे या उपचारानेच दगावतात. निदान पानांवरून न करता माती व मुळे पाहून करावे. माती ओलसर असूनही मणी सुरकुतले असल्यास मूळकूज संभवते. निरोगी मूळ पांढुरके व टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी व लिबलिबीत असून चिमटीत ओढल्यास साल निसटते व आतील दोरा तेवढा हाती राहतो.

कुजलेले मूळ पुन्हा जिवंत होत नाही. कार्बेंडाझिमसारखे सर्रास वापरले जाणारे कवकनाशक पिथियम व फायटॉप्थोरा यांवर निष्प्रभ ठरते, कारण ती खरी कवके नव्हेत. काही मुळे शाबूत असल्यास कुजलेली कापून रोप कोरड्या, नव्या मिश्रणात लावतात. बुंधाही मऊ पडला असल्यास वरच्या निरोगी खोडाचे सु. १० सेंमी. लांबीचे तुकडे स्वच्छ पात्याने घेतात. कापावर तपकिरी डाग दिसल्यास आणखी वर कापावे लागते. तुकडे दोन-तीन दिवस सावलीत सुकवून किंचित ओलसर भरड वाळूवर आडवे ठेवतात. पेऱ्यांपासून काही आठवड्यांत मुळे फुटतात.

पुढे निम्मी भरड वाळू किंवा विटांचा चुरा मिसळलेली माती, तळाला भोक असलेली उथळ, बिनझिलईची कुंडी वापरावी. तळाशी खडे भरण्याची रूढ पद्धत फारशी उपयोगाची नाही. पाणी खड्यांच्या वरच्या मातीत अडून राहते. कोकणातील पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत टांगून माती पूर्ण वाळल्यावरच पाणी देतात.