कोंबडीचा अळणी रस्सा : घरचा की वडीचा?

कोंबडीची हाडे व कूर्चा मंद आचेवर दोन-तीन तास शिजविली असता त्यांतील कोलॅजेन या प्रथिनाचे जिलेटिनमध्ये रूपांतर होते. म्हणूनच घरचा अळणी रस्सा निवल्यावर थिजतो व आटविल्यास दाट होतो. बाजारी वडीत जिलेटिन नगण्य असते; तिची चव मुख्यतः मीठ व ग्लुटामेट यांची होय. तिचा सुमारे निम्मा भाग मीठच असल्याने १० ग्रॅमच्या वडीतून जवळजवळ ५ ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढास दिवसाकाठी याहून कमीच मीठ सुचविले आहे. यास्तव आटवावयाच्या पदार्थास अळणी रस्साच घ्यावा. भातात वडी घातल्यास निराळे मीठ घालू नये. रक्तदाबाच्या रोग्याने वडी टाळावी हेच श्रेयस्कर. घरचा रस्सा मात्र त्वरित निववून शीतकपाटात ठेवावा व तीन-चार दिवसांत संपवावा.